पहिली फेरी रिकामी

लिफ्टचं जाळीचं दार त्याने ओढलं आणि आतून एक केरसुणी थेट त्याच्या अंगावर आली. तिच्यामागे दोन बादल्या, एक पाय मोडलेली खुर्ची, रद्दीचे गठ्ठे आणि कुणाची तरी तीनचाकी सायकल असा अख्खा संसार मांडलेला होता. बॅग खाली ठेवून तो बघतच राहिला.

"अरे, बंद आहे ती," मागून दुसरी बॅग घेऊन येणारा दादा म्हणाला. "जिन्याने चल."

"कधीपासून?"

"झाली की दोन वर्षं."

"दोन वर्षं? आई तर दर रविवारी फोनवर सांगते, सकाळी खाली जाऊन आले, बाकावर बसले म्हणून."

दादाने बॅग या हातातून त्या हातात घेतली. "बाक कुठला आलाय. तो काढून तिथे गाड्या लावतात आता. तिला नाही माहीत, वरून दिसत नाही तो कोपरा. तू पण बोलू नकोस. चल, चार मजले चढायचेत."

त्याने बॅग उचलली. एकोणीस वर्षं तो परदेशात लिफ्ट दुरुस्त करत होता. चाळीस-चाळीस मजल्यांच्या इमारतीत एखादी लिफ्ट दहा मिनिटं अडकली तरी लोक त्याच्या नावाने शंख करायचे. लहानपणी याच लिफ्टची सगळी बटणं एकदम दाबायचा, म्हणून सगळा जिना त्याला 'बटण' म्हणायचा. आणि त्या बटणाची आई दोन वर्षं चौथ्या मजल्यावर अडकून पडली होती आणि त्याला पत्ता नव्हता.

आई खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. तिने त्याचा चेहरा दोन्ही हातांनी धरला, हनुवटी वर केली, खाली केली. "बारीक झालास," म्हणाली. तो गेल्या खेपेपेक्षा सहा किलोंनी वाढला होता.

"आई, रविवारी तू कुठे बसत होतीस?"

ती वहिनींकडे बघायला लागली. वहिनी स्वयंपाकघरात सटकल्या.

"गुडघे ऐकत नाहीत रे," आई शेवटी म्हणाली. "उतरेन कशीबशी, पण चढायचं कोणी? तुला सांगून काय, तिकडे तुझ्या जिवाला घोर. म्हणून आपलं बसत होते बाकावर. हिरवा रंग दिला त्याला, ते सांगितलं ना तुला?"

"सांगितलंस."

अकरा दिवसांची रजा होती. वहिनींनी फ्रिजवर कागद चिकटवून ठेवला होता: कुठल्या दिवशी कुणाकडे जेवण, कुठे चहा, कुठल्या मित्रांची बैठक. एक संध्याकाळ मोकळी नव्हती. त्याने तो कागद शांतपणे काढला, घडी घातली आणि खिशात ठेवला.

"भाऊजी, अहो मावशी किती दिवस वाट बघतायत," वहिनी म्हणाल्या.

"ज्यांना भेटायचंय त्यांना म्हणावं, गच्चीवर या. मी मशीनच्या खोलीत असेन."

सोसायटीच्या सेक्रेटरींनी डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखी परवानगी दिली. एकच अट घातली. ज्यांनी लिफ्ट बंद केली त्या वस्तादांनी पुन्हा सही केली पाहिजे, नाहीतर लिफ्ट हलणार नाही. याच वस्तादांच्या हाताखाली बटण सात वर्षं शिकला होता, आणि परदेशातलं काम मिळालं तेव्हा त्यांना तोंड न दाखवता निघून गेला होता. सांगितलं असतं तर पाय निघाला नसता. त्यानंतर दर खेपेला त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन तो परत यायचा.

या खेपेला तो परत आला नाही. वस्ताद त्यांच्या खोलीत जुन्या पुल्यांच्या पसाऱ्यात बसले होते. वाळले होते, पण नजर तीच.

"कोण?"

"मी, वस्ताद. बटण."

"बटण गेला की. एकोणीस वर्षं झाली. न सांगता गेला."

"चुकलंच माझं."

वस्ताद हातातल्या बेअरिंगला फडकं मारत राहिले. मग म्हणाले, "दोराच्या तारा तुटल्या होत्या. ब्रेकच्या पट्ट्या खलास. मी कुलूप घातलं, योग्य केलं. आता सही मागायला आलास?"

"सही नको. काम झालं की बघायला या. तुम्हाला बरं वाटलं नाही तर मीच परत कुलूप घालतो."

"पहिली फेरी?" वस्तादांनी मान वर न करता विचारलं.

"रिकामी."

"दुसरी?"

"वाळूच्या गोण्यांची."

"तिसरी?"

"ज्याने काम केलं त्याची."

"चौथी?"

"ज्याला गरज आहे त्याची."

"हं. डोकं शाबूत दिसतंय," वस्ताद म्हणाले. "हात बघू."

दुसऱ्या दिवशी त्याने लिफ्टमधला संसार ज्याच्या त्याच्या दारात नेऊन ठेवला. खुर्चीला मालक निघाला नाही, म्हणून तिला नवा पाय बसवून खाली ठेवून दिली. मग केबिनच्या छतावर उभं राहून त्याने जुन्या दोरावर सुती फडकं धरून फिरवलं. जिथे तार तुटलेली तिथे फडक्याचा धागा अडकतो. फडक्याची लक्तरं झाली. वस्तादांनी खरंच योग्य केलं होतं.

पुढचे दिवस गच्चीवर गेले. बाजारात पायपीट करून त्याने नवे दोर आणले, ट्रकच्या क्लचप्लेटी बनवणाऱ्या एका दुकानातून ब्रेकच्या पट्ट्या करून घेतल्या, दारांचे विजेचे संपर्क घासले, खालच्या खड्ड्यातला दोन वर्षांचा गाळ काढला. मित्र धापा टाकत पाच जिने चढून यायचे आणि बसता बसता त्यांच्या हातात टॉर्च नाहीतर पाना यायचा. एक बँकेत मोठा साहेब होता. तो ग्रीस लागलेला शर्ट घालून घरी गेला आणि बायकोला म्हणे अभिमानाने दाखवत होता. मावशी पहिल्या मजल्यापर्यंत चढल्या, पायरीवर बसल्या, आणि त्याला तिथेच बोलावून त्यांनी डब्यातलं जेवण आपल्यासमोर संपवायला लावलं.

आई खिडकीशी बसून वरचे हातोडे ऐकायची. "माझ्यासाठी एवढं नको रे," ती एकदा म्हणाली. "माणसं भेटायची तुला, ती राहिली. अकरा दिवस म्हणजे काय?"

"तीन वर्षांनी येतो तो अकरा दिवस," तो म्हणाला. "मधल्या दिवसांचं बघतोय मी."

तिने मान फिरवली आणि खिडकीतून खाली अंगणाकडे बघितलं.

नवव्या दिवशी वस्ताद आले. नव्या पायाच्या खुर्चीवर खालच्या मजल्यावर, लिफ्टच्या दारासमोर बसले. पहिली फेरी रिकामी गेली आणि आली, झोकात. जिन्यावर जमलेल्या बिऱ्हाडांनी टाळ्या वाजवल्या. वस्तादांनी वाजवल्या नाहीत. दुसऱ्या फेरीला गोण्या भरल्या. लिफ्ट चौथ्या मजल्यावरून निघाली, खाली आली, थांबली आणि थांबल्यावर हळूच घसरली. केबिनची फरशी बाहेरच्या फरशीच्या चार बोटं खाली गेली.

"चार बोटं म्हणजे काहीच नाही रे," दादा म्हणाला. "आपल्या जुन्या लिफ्टा अशाच असतात. जा, आईला घेऊन ये. परवा दुपारी तुझं विमान आहे."

बटणाने वस्तादांकडे बघितलं. वस्ताद छताकडे बघत होते.

"आज चार बोटं," बटण म्हणाला. "उद्या आईचं एक पाऊल आत असेल, एक बाहेर."

तो गच्चीवर गेला. ब्रेक उघडला आणि त्याचा चेहरा उतरला. पट्ट्यांवर तेल होतं. त्यानेच घातलेलं. तिकडच्या मशिनी सगळीकडून बंद असतात, तेल घालायचं ते शेवटी, झाकण लावताना. हात तेच शिकला होता. या जुन्या मशीनला मात्र तेल घालायचं ते पट्ट्या बसवायच्या आधी, आणि मग सगळं पुसून काढायचं. वस्तादांनी पहिल्याच महिन्यात शिकवलेली गोष्ट. तेल प्यालेली पट्टी पकड घेत नाही, ती फेकण्याच्याच लायकीची असते. तिथेच फरशीवर बसून त्याला रडावंसं वाटलं, तसा तो क्षणभर बसलाही. मग उठून पट्ट्या काढल्या आणि त्या फडक्यात गुंडाळून खाली आणल्या.

"माझी चूक," त्याने सगळ्यांसमोर सांगितलं. "तेल मागाहून घातलं."

"मला वास आला होता," वस्ताद म्हणाले.

"मग सांगितलं का नाहीत?"

"तू सांगितलं होतंस का, जाताना?"

बटण मान खाली घालून उभा राहिला. एकोणीस वर्षं जे ऐकायला लागेल म्हणून तो गल्लीच्या तोंडावरून परतत होता, ते ऐकून झालं होतं. त्याला हलकं वाटलं, याचं त्यालाच नवल वाटलं.

"नाही सांगितलं," तो म्हणाला. "भीती वाटली. तुम्ही थांब म्हणाला असतात तर मी थांबलो असतो."

वस्ताद खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले. "नसतो म्हणालो थांब," ते म्हणाले. "परवा सकाळी आठला येतो."

दहाव्या दिवशी दुकानाचं शटर वर जायच्या आधी बटण बाहेर उभा होता. पट्ट्यावाला म्हणाला, "परवा या, हातात काम आहे." बटण म्हणाला, "मी इथेच बसतो." दुपारी पट्ट्यावाला म्हणाला, "अजून बसलाय?" बटण म्हणाला, "हो." चार वाजता त्याने स्वतःच दुकान झाडायला घेतलं, तेव्हा पट्ट्यावाल्याने हात टेकले आणि हातातलं काम बाजूला सारलं. संध्याकाळी बटण गच्चीवर गेला तेव्हा वहिनी आधीच तिथे टॉर्च घेऊन उभ्या होत्या. "सांगा भाऊजी, कुठे धरू," एवढंच म्हणाल्या. दोन वर्षं आईच्या रविवारच्या गोष्टींना हुंकार भरून त्याही दमल्या होत्या.

अकराव्या दिवशी सकाळी पहिली फेरी रिकामी. दुसरी गोण्यांची: लिफ्ट खाली आली, थांबली आणि जिथे थांबली तिथेच राहिली. वस्तादांनी वाकून दोन फरशांच्या मधल्या फटीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "तिसरी तुझी."

बटण वर गेला, खाली आला. वस्तादांनी खिशातून पेन काढलं, दारावरच्या पत्र्यावर कागद धरून सही केली. "महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी बघून जाईन," ते म्हणाले. "आणि पुढच्या खेपेला गल्लीच्या तोंडावरून परत फिरू नकोस. पानवाला सांगतो मला सगळं."

चौथी फेरी आईची. तिने ठेवणीतली साडी नेसली होती. कपाटाखालून तिच्या बाहेरच्या चपला काढल्या तर त्या कडक होऊन गेल्या होत्या. वहिनी तेल लावू म्हणाल्या, ती थांबली नाही. दारात बटणाने हात पुढे केला. "राहू दे," ती म्हणाली, आणि जाळीच्या दाराला धरून स्वतः आत गेली. चार मजले ती डोळे मिटून उभी होती. लिफ्ट थांबली. तिने आधी खाली बघितलं. फरशीला फरशी लागलेली होती.

अंगणात आल्यावर ती चार पावलं चालली, थांबली, आणखी चार चालली. त्या कोपऱ्यापाशी तीन गाड्या उभ्या होत्या. ती नुसती बघत राहिली. दादा रस्त्याकडे बघायला लागला.

"बाक कुठे गेला?"

"काढला आई," बटण म्हणाला. "दोन वर्षं झाली."

"आणि तुला माहीत होतं?"

"आलो त्या दिवशी कळलं."

तिच्या ओठांचा कोपरा हलला. "म्हणजे दोन वर्षं मी हवेत बसत होते. आणि रंग पण दिला, हिरवा." आणि ती हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते तिने पुसलं नाही. बटणालाही हसू आवरेना. त्याने तिला जवळ घेतलं, तेव्हा ती किती लहान झालीय ते त्याच्या हातांना कळलं.

दुपारी टॅक्सी आली. बॅगा लिफ्टने उतरल्या, आईही उतरली. एरवी ती खिडकीतूनच हात हलवायची; एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तिने त्याला फाटकापाशी निरोप दिला. ऊन तापलं होतं. "तू वर जा आता," तो म्हणाला.

"जाते. एकटी जाते. कुणी येऊ नका माझ्याबरोबर."

ती आत गेली. दार नीट लागलं की नाही ते तिने दोनदा ओढून पाहिलं. तो टॅक्सीचं दार धरून उभा राहिला आणि लिफ्टच्या वरचे दिवे मोजत राहिला. एक. दोन. तीन. चार. मग बसला.

टॅक्सी वळणाशी आली तेव्हा सवयीने त्याने मान वळवून वर बघितलं. दर खेपेला इथून चौथ्या मजल्याची खिडकी दिसायची आणि खिडकीत आई. आज खिडकीत कुणी नव्हतं.

"थांबा, थांबा जरा," तो म्हणाला. टॅक्सी थांबली.

आई फाटकाशी उभी होती. पुन्हा उतरली होती. कुणी तिला धरलेलं नव्हतं, ती हातही हलवत नव्हती. तिने एकदा रस्त्याच्या या टोकाला बघितलं, एकदा त्या टोकाला, आणि चपला वाजवत कोपऱ्यावरच्या दुकानाकडे चालायला लागली.