हे टाइप करू नका

"काका, आवाज कुठंय?" फोनवर पायलटबाई विचारत होत्या. "मी मघापासून सुरू करतेय, पण इथे काही म्हणजे काही ऐकू येत नाही."

आवाज कुठे आहे ते मला चांगलंच ऐकू येत होतं. बाई त्यांच्या घरी होत्या आणि त्यांचा कॉम्प्युटर इथे, हॉस्पिटलच्या रिकाम्या टायपिंगच्या खोलीत, माझ्यासमोर. त्याच्या स्पीकरमधून पोटाच्या डॉक्टरांचा खणखणीत आवाज कुणा गृहस्थाच्या मूळव्याधीचं सविस्तर वर्णन करत होता. दार उघडं होतं. बाई घरून माउसचं बटण पुन्हा दाबायच्या आणि मूळव्याध पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. बाहेर बाकावर बसलेले पेशंट कान टवकारून ऐकत होते. मी धावत जाऊन स्पीकरची वायर उपटली आणि वळलो, तर दारात मॅनेजरसाहेब.

"हा तुमचा वेगवान प्रोग्रॅम का?" त्यांनी विचारलं.

आधी तोच चालवून बघा असं त्यांनीच सांगितलं होतं, पण साहेबांना ते सांगण्यात काय अर्थ होता!

या खोलीत नवं स्कॅनिंगचं मशीन यायचं होतं. म्हणून टायपिस्ट मंडळींना घरी पाठवलं होतं. घरच्या कॉम्प्युटरवरून त्यांनी इथला कॉम्प्युटर चालवायचा. कॉम्प्युटर सांभाळणारा मी, सगळ्यांचा वायरकाका. बाई माझ्याहून मोठ्या, पण त्याही मला काकाच म्हणतात. त्यासाठीचे दोन प्रोग्रॅम माझ्या गळ्यात पडले होते, त्यातला एक ठरवायचा होता. पहिल्यात पडद्यावरचं चित्र कसं लखलखीत, झटपट. पण घरी टेबलाखाली जोडलेलं, बाईंचं पायानं दाबायचं पेडल त्याला दिसत नव्हतं आणि इथला आवाज तो घरी पोचवत नव्हता. दुसऱ्यात म्हणे घरचं पेडल इथे चालायचं. फक्त चित्र अडखळायचं, दम लागलेल्या माणसासारखं.

बाकीच्या पोरींना पेडलची गरजच नव्हती. त्यांच्या डॉक्टरांनी हल्ली स्वतःच टाइप करायला सुरुवात केली होती, पोरी नुसत्या चुका काढायच्या. ऐकून टाइप करणाऱ्या एकट्या बाई उरल्या होत्या. डॉक्टर बोलून ठेवत आणि बाई कानाला हेडफोन लावून लिहीत. उजव्या बाजूनं पेडल दाबलं की आवाज चालू, सोडलं की बंद, डाव्या बाजूनं दाबलं की मागे. हात कीबोर्डवरून हलायचा नाही. सगळी गाडी पायावर, म्हणून त्या पायलटबाई.

"पेडल चाललं नाही तर त्यांचं काम बाहेरच्या कंपनीला देऊ," साहेब म्हणाले. "उद्या दुसरा प्रोग्रॅम दाखवा. एकदाच. मला रोज रोज तमाशा नको."

मी बाईंना फोनवर सांगितलं.

"मी माउसनं करून बघितलं हो, काका. पण दर वाक्याला हात उचलला की वाक्यच विसरते. पायाला जे समजतं ते हाताला कसं शिकवू आता?"

"उद्या चालेल," मी म्हणालो. चालेल की नाही ते मलाही माहीत नव्हतं.

त्या पेडलच्या दुरुस्तीसाठी मी किती वेळा या टेबलाखाली शिरलो असेन! कॅसेटचा जमाना होता तेव्हापासून. बाई चप्पल बाजूला काढून अनवाणी अंगठ्यानं पेडल दाबत. एकदा मी विचारलं, तर म्हणाल्या, "चप्पल असली की डॉक्टर घाई करतात." खोली तेव्हा माणसांनी आणि टकटकाटानं नुसती भरलेली असायची. कुणी कुणाचं ऐकायचं नाही आणि तरी सगळ्यांचं काम व्हायचं. आता तिथे चार भिंती, एक कॉम्प्युटर आणि मी. खरं सांगायचं तर मला ती खोली बघवत नव्हती.

बाई मुख्यतः मोठ्या डॉक्टरांचं टाइप करत. ते वरच्या मजल्यावर बसून बोलत, या खाली ऐकत. जिन्यात समोरासमोर आले की दोघं नुसती मान हलवत, बास. पण रेकॉर्डिंगमध्ये मोठे डॉक्टर भारी गप्पिष्ट. मध्येच म्हणायचे, "हे टाइप करू नका," आणि काहीतरी आपलं बोलायचे. बाई नव्या होत्या तेव्हा त्यांनी सगळंच टाइप केलं होतं. एका बड्या असामीच्या रिपोर्टात छापून गेलं, 'यांना काहीही झालेलं नाही, बायकोच्या धाकानं छातीत दुखतं, हे टाइप करू नका.' हॉस्पिटल आठवडाभर हसत होतं. बाई रडून रडून अर्ध्या झाल्या. दुसऱ्या दिवशीच्या रेकॉर्डिंगमध्ये डॉक्टर म्हणाले, "पायलटबाई, चूक माझी. मी 'टाइप करू नका' आधी म्हणायला हवं होतं." तेव्हापासून ते आधी म्हणत.

गेल्या वर्षी मोठे डॉक्टर गेले.

दुसऱ्या दिवशी साहेब यायच्या आधीच मी बाईंना फोन लावला. "बाई, सध्याच्या पेशंटचं काही लावू नका. आधीच कालच्या मूळव्याधीनं माझी लाज काढलीय. एखादं जुनं, निकालात निघालेलं लावा."

"लावते एक," त्या म्हणाल्या.

साहेब येऊन उभे राहिले. पडद्याच्या कोपऱ्यात पेडलची खूण होती, दाबलं की हिरवी होणारी. ती हिरवी झाली आणि रिकाम्या खोलीत मोठ्या डॉक्टरांचा आवाज आला.

माझ्या अंगावर काटा आला. साहेब नवे, त्यांना काय कळणार! आवाज थकलेला होता, पण तोच. "श्वास घेताना त्रास नाही, पूर्णविराम." पडद्यावर अक्षरं उमटू लागली. चित्र अडखळत होतं, शब्द एकेका घासासारखे येत होते, पण येत होते.

"आवाज अजून इथेच," साहेब म्हणाले.

"बदलतो." आवाज कुठे वाजवायचा, इथे की तिथे, याची एक चौकट होती. मी माउस तिच्यावर नेला. तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "पायलटबाई, हे टाइप करू नका. मला तुम्हाला इतकी वर्षं..."

तोवर माउसचं बटण दाबलं गेलं होतं. खोली चिडीचूप झाली.

अक्षरंही थांबली. कर्सर एका जागी लुकलुकत राहिला. साहेबांनी घड्याळ पाहिलं. "अडकलं ना शेवटी?"

मी फोन कानाला लावला. "बाई, पेडल चालतंय?"

"चालतंय."

"आणि आवाज?"

"आलाय माझ्याकडे."

"मग थांबलात का? साहेब उभे आहेत."

"काका," त्या हळूच म्हणाल्या, "ते टाइप करायचं नाहीये."

आणि मग अक्षरं पुन्हा पळू लागली. औषधं, पथ्य, पुढची तारीख, शेवटचा पूर्णविराम. एक चूक नाही. साहेबांनी खाली वाकून वाचलं.

"चित्र फारच अडखळतं हो," ते म्हणाले.

फोन चालूच होता. बाईंनी ऐकलं असावं. "त्यांना सांगा, मला चित्र नको. मी ऐकते."

"ठीक आहे, हाच घ्या," म्हणून साहेब गेले. त्यांच्या मागोमाग मशीनवाले मोजपट्टी घेऊन आत आले आणि भिंती मोजू लागले.

"बाई, जमलं! काम राहिलं तुमचं," मी म्हणालो. मला खरंच फार आनंद झाला होता. बाई "हो" म्हणाल्या, "बरं झालं" म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी आवराआवर करू लागलो. टेबलाखालच्या फरशीवर पेडलच्या जागी एक गुळगुळीत चौकोन झिजून राहिला होता. मशीनवाल्यानं त्यावर पाय दिला, तेव्हा मी उगाचच म्हणालो, "जरा बाजूला हो."

मग पडद्याकडे लक्ष गेलं. कोपऱ्यातली खूण डाव्या बाजूला हिरवी झाली, मग उजव्या बाजूला. थोडी थांबली. पुन्हा डावीकडे, पुन्हा उजवीकडे. इथे आवाज नव्हता. पडद्यावरच्या कागदावर एक अक्षरही नवं येत नव्हतं.

मी कॉम्प्युटर चालूच ठेवला आणि मॉनिटर तेवढा बंद केला.