साबणाला चोर ठरवणारं पाणी

त्या सकाळी लाँड्रीत एकही मशीन फिरत नव्हतं, पण पाय ठेवायला जागा नव्हती. इस्त्रीवाले, घड्या घालणारे, गाडीवाला, शेजारचा सलूनवाला आणि त्याचं अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक, सगळे माना उंचावून उभे. मधोमध बाबा बसले होते, सोबत आणलेल्या पांढऱ्या चादरींच्या जाडजूड आसनावर. गेले काही महिने हॉटेलच्या चादरी गायब होत होत्या आणि लाँड्रीचे मालक, म्हणजे माझे काका, यांनी पोलिसांऐवजी बाबांना बोलावलं होतं. पोलीस नसते प्रश्न विचारतात.

"हे साक्षीजल!" बाबांनी दुधट पाण्याची बाटली खळखळ हलवून वाट्यांत ओतली. "विश्वाच्या लहरी यात उतरल्या आहेत. चोराचं बोट बुडालं की पाणी लाल! बाकीच्यांना अभय."

इस्त्रीवाल्याने बोट पँटला पुसून बुडवलं. पांढरं. गाडीतलं पेट्रोल बिनधास्त विकणारा आमचा गाडीवाला, त्याचंही पांढरं. तिथेच मला लहरींची लायकी कळली.

मग लाँड्रीत धुलाई करणाऱ्या मावशी आल्या. हाताने डाग काढण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. पवित्र पाण्याला शिवायचं म्हणून त्या साबणाने कोपरापर्यंत हात घासून आल्या होत्या. बोट बुडताच वाटी लालभडक झाली.

"अहो, उभ्या जन्मात माझ्या हातून रुमालसुद्धा इकडचा तिकडे झाला नाही!" मावशी रडायलाच लागल्या.

"उद्यापासून येऊ नका," काका म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोर म्हणून बाहेर पडलेल्या बाईला दुसरी कुठली लाँड्री ठेवणार होती? मी मावशींच्या लेकीला फोन लावून घडलं ते सगळं सांगितलं. ती प्रयोगशाळेत संशोधन करते. पांढऱ्या कोटातच धावत आली. लाल वाटी पाहिली, बाटली निरखली आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "बाबा, ही दर वेळी हलवावी लागते का?"

"चैतन्य जागं करावं लागतं, बेटा."

"नाहीतर तळाला बसतं?"

सलूनवाला फिस्सकन हसला.

"आता तुमचीही साक्ष होऊ दे," लेक म्हणाली. "फक्त आधी हात धुवा, आईने धुतले तसे."

"मी सदाचा शुद्ध आहे!"

"असं कसं, बाबा?" बाबांची परमभक्त काकू साबण आणि घमेलं घेऊन पुढे झाली. तिने भक्तिभावाने बाबांच्या हातांना फेस लावला, वरवर पाणी ओतलं आणि ते नको नको म्हणत असतानाच त्यांचं बोट नव्या वाटीत बुडवलं.

लाल!

"अगं बाई! बाबांनीच नेल्या?" काकू किंचाळली.

"एवढ्यावरून तेही म्हणता येत नाही, काकू," लेक म्हणाली. "या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे बारीक कण आहेत. प्रत्येक कणाला असंख्य भोकं, भोकांत रंग दाबून भरलेला आणि तोंडाला झाकण. साबण लागला तरच झाकण उघडतं आणि रंग बाहेर येतो. दुधात साबणाची भेसळ आहे का, हे ओळखायला असे कण आम्हीच बनवतो. पाणी खोटं बोललं नाही. त्याने साबण आहे एवढंच सांगितलं. चोर हा शब्द बाबांचा."

"मग चादरी गेल्या कुठे?" काका पुटपुटले.

मावशींनी डोळे पुसले. त्यांची नजर मघापासून बाबांच्या आसनावर होती. "बाबा, जरा उठता का?" त्यांनी कोपरा उलटला. हॉटेलचा शिक्का!

काकूचा चेहरा पडला. "मीच पाठवायचे हो यांच्या बैठकीला. मला वाटलं, जादाच्या आहेत."

बाबा बाटली तिथेच टाकून निघाले. त्यांना कोणी अडवलं नाही, कारण सगळे काकांकडे बघत होते. काकांनी हात जोडले. "मावशी, चुकलो. उद्या या."

"उद्या कशाला? या चादरी आजच धुवायच्यात," मावशी म्हणाल्या. "केवढ्या मळवल्यात मेल्याने!"

मशीनं सुरू झाली. तुमच्या गल्लीतही उद्या कुठलं तरी पाणी लाल होईल. तेव्हा कोणामुळे झालं हे विचारण्याआधी कशामुळे झालं हे विचारा. तेवढ्याने एखाद्या मावशीची भाकरी वाचते.