ममबाईंचा नकार

केस कापणाऱ्या बाईने स्वतःचं मत दुकानाबाहेर ठेवून यावं, असं तिला काम शिकवणारी म्हणायची. हिने ते इतकं मनावर घेतलं, की बाहेर ठेवलेलं मत परत घरी न्यायचंच विसरली. गिऱ्हाईक म्हणालं आखूड, की आखूड. नणंद म्हणाली भिंत निळी, की निळी. काहीही विचारा, बाई मम म्हणून मोकळी! घरात तिचं नावच पडलं ममबाई.

मग नवऱ्याची दूरच्या गावी बदली झाली. तो वजनकाटे दुरुस्त करायचा.

"तू येतेस, की दुकान सांभाळून इथेच राहतेस?" त्याने सरळ विचारलं.

"तुम्ही म्हणाल तसं."

"छे! या वेळी तू सांगायचं."

इथेच घोडं अडलं. दुकान सोडवत नव्हतं, आणि त्याला एकटं जाऊ देववत नव्हतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शेवटी ती नवऱ्याला सांगून समुपदेशक बाईंकडे गेली.

तिथे दोन खुर्च्या, अगदी समोरासमोर. आली का पंचाईत! ही जन्मभर माणसांच्या मागे उभी राहून आरशात बघत बोललेली. तिची नजर आपली बाईंच्या चपलांवर.

"तुम्हाला स्वतःला काय हवंय?" बाईंनी विचारलं.

"तुम्हाला काय वाटतं?"

बाई हसल्या. "एकदा कुणाला तरी नाही म्हणून बघा. कधीकधी तिथेच आपलं मन सापडतं." बाई भल्या होत्या. हिला फार आवडल्या, आणि आवडलेल्या माणसाचा शब्द मोडणं हिच्या रक्तातच नव्हतं.

रविवारी नवरा केस कापून घ्यायला दुकानात बसला. "हलू नका हं," म्हणत तिने कानामागे कात्री चालवली, आरशात बघितलं आणि बोलून गेली, "मी नाही येणार."

आवाज इतका ठाम, की तीच दचकली. नवरा मात्र ढिम्म. आता बायको कानाशी कात्री धरून बोलतेय म्हटल्यावर कुठला शहाणा मान हलवेल? पण हिला वाटलं, बघा, याला काहीच वाटलं नाही! त्या रागात तिने ते पुन्हा एकदा सांगितलं.

कात्री खाली आल्यावर तो खुर्चीसकट वळला. डोळे लाल झाले होते.

"अगं, हे तू म्हणतेयस, की त्या बाई?"

तिलाही नेमकं तेच कळत नव्हतं. खरं उत्तर होतं, मला नाही माहीत. पण बाईंना काय ऐकायला आवडलं असतं, ते तिला पक्कं ठाऊक होतं.

"मीच," ती म्हणाली.

"मग बरं झालं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी ठरवलंस. मी आड येणार नाही."

त्याने तिथेच साहेबांना फोन लावला. एकट्यापुरती खोली बघा, म्हणाला. "थांबा हो" असं तिच्या अगदी ओठांवर आलं. पण ते तरी तिचं स्वतःचं, की त्याचे डोळे बघून आलेलं? देवा, कसं ओळखायचं असतं हे? ती तशीच उभी राहिली, आणि तेवढ्यात त्याचं बोलणं संपलं.