बारियामामांची कबुली

ओंदिनाबाईंनी चहाचा कप टेकवला आणि शुक्रवारी राजीनामा देणार असल्याचं बारियामामांना सांगून टाकलं. जगाच्या दक्षिण टोकावरच्या पुंता अरेनास गावातल्या या शाळेत तेवीस वर्षं शिकवल्यावर आता तिसरीची मुलं त्यांच्यासमोर सकाळी अकरा वाजल्यापासूनच जांभया देत होती.

"माझ्या शिकवण्यातला रसच आटलाय, मामा. पोरं तरी काय करणार?"

वर्ग उबदार ठेवणारा शाळेचा गॅसवरचा बॉयलर मामा सांभाळत. त्यांचं स्वतःचं तर यंदा झकास चाललं होतं. या गावचा वारा चालत्या माणसालाही ढकलून देतो. म्हणून हिवाळ्याच्या तोंडावर त्यांनी प्रत्येक वर्गाच्या भिंतीतली हवेची भोकं चिंध्यांनी बुजवली आणि घरोघरी करतात तशी खिडक्यांच्या फटींत वर्तमानपत्रं कोंबली. गॅस इतका कमी जळला की नगरपालिकेनं शाबासकीचं पत्र धाडलं. पोटापाण्याच्या कामाचं असं कौतुक मामांच्या वाट्याला आयुष्यात पहिल्यांदाच आलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिसरीचा रेडिएटर बघायला ते वर्गात शिरले, तर दारातच ओल्या मोज्यांचा कोंदट वास नाकाला भिडला. बाई एका बुडालेल्या जहाजाची गोष्ट सांगत होत्या. गोष्ट अशी रंगली होती की मामा पाना हातात धरून मागच्या बाकावर टेकले. पण काही वेळातच त्यांचं डोकं जड झालं आणि जहाज खडकावर आपटायच्या आत त्यांना डुलकी लागली. पाना खाली पडला तेव्हा कुठे जाग आली. ओशाळून ते अंगणात आले आणि गार वाऱ्यात दोन मिनिटांत टवटवीत झाले. मग मात्र त्यांची नजर भिंतीतल्या बुजवलेल्या भोकांकडे गेली: वर्गातली हवा त्यांनीच कोंडली होती.

भोकं गुपचूप उघडली तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण मुलं ताजीतवानी झाली तरी बाई स्वतःलाच बोल लावत राहिल्या असत्या. आणि खरं सांगावं, तर मिळालेलं नाव जाणार. मामांनी दोन दिवस लाजेत काढले.

शुक्रवारी सकाळी त्यांनी सगळ्या चिंध्या उपसल्या आणि शिक्षकांच्या खोलीबाहेर बाईंना गाठलं.

"खोट तुमच्या शिकवण्यात नाही, बाई. हवा मी कोंडली. जिथे मला डुलकी लागली, तिथे लेकरांचं काय?"

"मला वाटलं, तुम्हालाही कंटाळा आला."

"कंटाळा? जहाजाचं पुढं काय झालं, म्हणून माझा जीव टांगणीला लागलाय."

बाई हसल्या, मग डोळे पुसले. राजीनामा मुख्याध्यापकांच्या टेबलावर पोचला होता. मुख्याध्यापकांकडे जाऊन त्यांनी तो परत मागून घेतला.

आता मुलं मधल्या सुट्टीत मैदानावर गेली की मामा खिडक्या सताड उघडतात आणि पाच मिनिटांत लावून टाकतात. तेवढ्यात भिंती गार पडत नाहीत. भोकांतून मात्र वारा दिवसभर येतो. गॅस वाढला, मामांना वाटलं होतं त्याहून कमी, पण वाढलाच. पुढच्या हिवाळ्यात शाबासकी दुसऱ्याच शाळेला गेली.

ती बातमी कळली त्या दिवशी मामा तिसरीवरून चालले होते. आत सगळी मुलं एकदम काहीतरी विचारत होती आणि गळ्याला मफलर गुंडाळलेल्या बाई टेबलावर हात आपटून म्हणत होत्या, एकेकानं बोला रे, एकेकानं. मामा क्षणभर थांबले, मग खाली जाऊन त्यांनी बॉयलर थोडा वाढवला.