वरच्या उतारावरची दातमुळी

माझ्या थोरल्या नातीचं, जोलीनचं, लग्न झालं त्या एप्रिलमधला शनिवार. पिकअपच्या मागच्या फळीवर थिया पोती रिकामी करत होती. ती शाळेची बस चालवते आणि शनिवारी आम्हा सगळ्यांना हाकते. बोलता बोलता तिचा हात थांबला.

"वरच्या उतारावर कोण होतं?"

"मी," माझा दोस्त डेलबर्ट म्हणाला. "सगळा साफ केला. तुम्ही बसा गप्पा मारत."

सगळे हसले. थिया हसली नाही. तिने पोत्यातून एक रोप वर धरलं. चार पाकळ्यांची पांढरी फुलं, आणि खाली दात ओवल्यासारखं मूळ. दातमुळी होती ती.

आम्ही ओढ्याकाठच्या या रानात लसूणमोहरी उपटायला जमतो. ते बाहेरून आलेलं तण. ते माजलं की खाली काही जगत नाही. दातमुळी मात्र इथलीच. रानात एक लहानसं पांढरं फुलपाखरू आहे, त्याच्या अळ्या फक्त दातमुळीवर वाढतात. त्याने चुकून लसूणमोहरीवर अंडी घातली तर अळ्या मरतात. टायरच्या कारखान्यातून डेलबर्ट निवृत्त झाला तेव्हा वरच्या उतारावर नुसतं तण होतं. तो एकटा उपटत राहिला. मग एका वसंतात दातमुळी परत आली आणि तिच्यामागे फुलपाखरं. त्या दिवशी तो धापा टाकत माझ्या दारात आला होता आणि त्याला नीट बोलताही येत नव्हतं.

दोन्हींची फुलं लांबून सारखीच दिसतात. म्हणून नव्या माणसाला डेलबर्ट आधी हेच शिकवायचा, "पान चुरगाळ, नाकाला लाव. लसणाचा वास आला तर उपट. नाही आला तर त्याची माफी माग आणि पुढे हो."

"डेल, वास नाही घेतलास?" मी विचारलं.

"घेतला की!" त्याने थियाच्या हातातलं रोप ओढून घेतलं, पान चुरगाळून नाकाशी नेलं. "हे बघ. लसूणच आहे."

त्याची बायको लोरीना सँडविचचा डबा ठेवून पुढे आली. तिने खऱ्या लसूणमोहरीचं पान चुरगाळलं आणि त्याच्या नाकाखाली धरलं. मला लांबूनसुद्धा वास आला.

"आता सांग, हे काय आहे?"

तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. उत्तर तिथे कुठे दिसतंय का, ते शोधत होता.

"कधीपासून रे?" ती हळूच म्हणाली.

"नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगला टर्की जळली ना? मी ओव्हनशेजारीच बसलो होतो."

"आणि मला बोलला नाहीस!"

"काय बोलू? नाक गेलं म्हणून? वाटलं, सर्दी असेल, जाईल." तो थियाकडे वळला. "वास येतच नव्हता. पांढरं दिसलं की उपटत गेलो. काही राहिलं का गं वर?"

"बघू या," थिया म्हणाली.

वर काही राहिलं नव्हतं. डेलबर्ट गुडघ्यांवर बसला आणि पोत्यातली रोपं एकेक करून परत मातीत खोचायला लागला. त्यांची पानं केव्हाच मान टाकून बसली होती. मी ओढ्यावरून थर्मासमध्ये पाणी आणलं.

"ऊठ आता. गुडघे जातील."

"माझे आहेत. तुझं काय जातंय? ओत पाणी."

मी ओतत राहिलो. ऊन वर आलं तशी फुलपाखरं आली. उकरलेल्या मातीवर ती खाली उतरायची, टेकायची, पुन्हा उडायची. एक त्याच्या बाहीवर बसलं. ते उडून जाईपर्यंत त्याने हात हलवला नाही. मग तोंड फिरवून तो रडला. लोरीनाने त्याची टोपी पुढे ओढली, आम्हाला दिसू नये म्हणून.

ती रोपं जगली नाहीत. पुढच्या वसंतात तो उतार उघडाच राहिला.

त्या दिवसानंतर डेलबर्ट शनिवारी यायचा बंद झाला. लोरीनाने सांगितलं म्हणून मी त्याच्या घरी गेलो.

"चल."

"येऊन काय करू? कॉफी वाटू?"

"फाटकाशी बूट घासायला माणूस नाहीये."

बुटांच्या तळव्यांना चिकटून तणाचं बी आत जातं, म्हणून रानात शिरण्याआधी बूट घासायचा आमचा नियम आहे. तो नियम सगळेच मोडत होते.

"थिया तर बूट न घासताच आत जाते," मी म्हणालो.

"जाते?" तो उठला.

तेव्हापासून तो फाटकाशी स्टूल टाकून ब्रश घेऊन बसायचा. "दुसरा पाय. टाच राहिली. काय, शेत घेऊन निघालास?" फाटकाच्या आत तो पुन्हा कधी गेला नाही. वरच्या उताराबद्दल त्याने विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही.

डॉक्टरांनी कंपवात सांगितला. काही जणांचं नाक आधी जातं म्हणे, हात मागून. शेवटच्या वर्षी ब्रश त्याच्या हातात स्थिर राहीना. मग तो दोन्ही हातांनी ब्रश मांडीवर दाबून धरायचा आणि आम्ही आपापले बूट त्यावर घासून आत जायचो. थियासुद्धा. सगळे आत जाईपर्यंत तो धरून बसायचा.

डेलबर्ट मेनर २०११ सालच्या जानेवारीत, घरी, झोपेत वारला. लोरीना त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेली.