फडकं तिच्या वाट्याला

मित्रांनो, मी एक जुना, काळा प्लॅस्टिकचा खोका आहे. मोटारीच्या बॉनेटखाली, इंजिनाला खेटून बसतो. बाहेरची हवा ओढायची, पोटातल्या कागदी फिल्टरमधून गाळायची आणि इंजिनाला द्यायची, हे माझं काम. गार हवा मिळावी म्हणून कारखान्यातच माझं नाक पुढच्या जाळीकडे वळवलेलं आहे.

माझी मालकीण नर्स. नऊ वर्षं मी तिला टेकडीवरच्या दवाखान्यात पोचवलं. कौतुक मात्र सगळं इंजिनाचं! मी आपला कुढत राबलो.

मग तिच्या धाकट्या भावाने ती आणली. माझ्या जागी बसवायची चकचकीत नळी, टोकाला लालभडक फिल्टर. बघताक्षणी माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"ताई, हा डबा भंगारात टाक. आता बघ गाडी कशी पळते!"

"आधी चढाला किती वेळ लागतो ते मोजू. तोवर डबा राहू दे फळीवर."

ताईला नाडी मोजायची सवय. पुलापासून दवाखान्याच्या फाटकापर्यंत माझ्यासोबत किती सेकंद लागतात, हे तिने आधीच मोजून ठेवलं होतं. नळी लावून दोघं जाऊन आली. नळीचा केवढा तो घुरघुराट! चार सेकंद वाचले होते. भाऊ नाचायचा बाकी होता. ती नळी तिथल्या तिथे तडकावी, असं मला मनापासून वाटलं.

भंगारात द्यायला त्याने मला उचललं आणि माझं झाकण निसटलं. फिल्टर खाली पडला. धुळीने गच्च, वर वाळलेली पानं.

ताईने कपाळाला हात लावला. "हा तू बदलणार होतास ना रे? दोन वर्षांपूर्वी?"

"विसरलो गं."

"म्हणजे दम कोंडलेल्या पेशंटशी शर्यत लावलीस होय!"

नवा कागदी फिल्टर घालून तिने मला परत बसवायला लावलं. तोच चढ, तेच घड्याळ. पहिल्या वेळेपेक्षा पाच सेकंद वाचले, नळीहून एक जास्त! नळी इंजिनाजवळची गरम हवा ओढत होती. तिने आवाज वाढवला होता, जोर नाही.

मी जिंकलो. पण भावाला नळी टाकवेना. ती फळीवर आहे आणि दर रविवारी तो तिला मऊ फडक्याने पुसतो. माझं झाकण त्या दिवसानंतर कुणी उघडलेलं नाही. धूळ पुन्हा साचते आहे.

मित्रांनो, तिचा हेवा मला अजून वाटतो. तुमच्या घरी असा एखादा काळा खोका असेल, तर वर्षातून एकदा त्याचं झाकण उघडा. आणि हातात फडकं असेलच, तर वरूनही जरा पुसा.