साठ पावलांवरचा आवाज

"थांबला!"

मित्रांनो, हा आवाज मी अकरा वर्षांपूर्वी एका तळ्याच्या काठावर ऐकला. अजून तो माझ्या लाकडात घुमतो. तो शब्द खरा नव्हता. हे मला ठाऊक होतं, पण मला तोंड नाही.

मी एक जुनी शर्यतीची होडी आहे. दीड हात लांब, पोटात बॅटरी, पाठीमागे पितळेचा दोन पात्यांचा पंखा. काठावर उभा असलेला माणूस रिमोटचा बंदुकीसारखा घोडा ओढतो आणि मी पाणी कापत सुटते. निदान सुटत असे.

मला घडवलं एका लेथ चालवणाऱ्या कामगाराने. कारखान्यात त्यांना सगळे 'सूतमास्तर' म्हणत, कारण सुताचा फरक त्यांच्या बोटांना आधी कळायचा आणि डोळ्यांना मागाहून. पातळ प्लायवूडच्या फासळ्या कापून त्यांनी माझा सांगाडा जोडला. उलटले तरी बुडू नये म्हणून नाकात फोमचे तुकडे भरले. पंख्यासाठी तर तीन रविवार घालवले. तो एका तारेवर ओवायचा, जड पातं खाली झुकलं की त्यावरून कानस एकदाच फिरवायची आणि पुन्हा ओवायचा. शेवटी पंखा कसाही ठेवला तरी तसाच राहू लागला, तेव्हा मास्तर स्वतःशीच हसले.

पाण्यातला पहिला दिवस मात्र फजितीचा. मी नाक वर करून बेडकासारख्या उड्या मारू लागले. मास्तरांनी बॅटरी दोन बोटं पुढे सरकवली, तर मी नाक खुपसून सरळ बुडी मारली. मग एक बोट मागे. मग सुकाणूचा डावा ओढा काढला. जमलं तेव्हा त्यांनी माझ्या पोटात बॅटरीच्या जागी पेन्सिलीने एक रेघ मारली. ती रेघ अजून आहे.

मास्तरांची बायको, मी त्यांना बाई म्हणते, मला सवत म्हणायच्या.

"माझ्या कपाटाचं दार दोन वर्षं करकरतंय," त्या म्हणायच्या, "आणि या महामायेला रोज ग्रीस!"

"अगं, कपाटाला कुठे शर्यतीत पळायचंय?"

"मी पळाले म्हणजे कळेल!"

पण शर्यतीहून आले की मला स्वच्छ पाण्याने पुसायच्या त्याच. पुसताना गुणगुणायच्या,

सवत माझी गं लाकडाची, तिला न्हाऊ घालू किती,
धनी विचारी रोज तिला, कशी गं तुझी गती?

आणि साठ पावलांची चाचणीही त्यांच्याशिवाय होत नसे. मित्रांनो, ती नीट समजून घ्या, सारं त्यातच आहे. रिमोटचा संदेश तुटला तर होडीने आपणहून थांबायला हवं, नाहीतर ती बेवारस पळत सुटते. म्हणून शर्यतीआधी बाई मला लाकडी घोडीवर ठेवून काठावर बसायच्या. मास्तर पंखा मंद फिरता ठेवत, पावलं मोजत साठपर्यंत दूर जात आणि रिमोट बंद करून ओरडत, "बंद केला!" बाईंनी पंख्याकडे बघून सांगायचं, थांबला की नाही. लेथच्या आवाजाने मास्तरांचे कान आधीच मंदावले होते, पण बाईंचा आवाज तळं ओलांडून जाई. दोन वर्षांत चाळीसेक वेळा ही चाचणी झाली. चाळीसही वेळा पंखा थांबला.

मग तो दिवस आला. सकाळी मास्तरांनी मला रिमोटचा संदेश पकडणारा नवा रिसीव्हर बसवला होता. संदेश तुटल्यावर काय करायचं, हे नव्या रिसीव्हरला नव्याने शिकवावं लागतं. घोडा पूर्ण सोडायचा आणि त्याच्यावरचं बटण दाबायचं. मास्तरांचं बोट त्या वेळी घोड्यावर किंचित राहून गेलं. सुतभरच. रिसीव्हर शिकला की संदेश तुटला तर थांबायचं नाही, हळूहळू फिरत राहायचं.

अशी चूक कुणाकडूनही होते. ती पकडायलाच तर चाचणी होती.

मास्तर साठ पावलं गेले. तेवढ्यात अडलेल्या होड्या उचलून आणणारा नावाडी काठाला आला. मोठा बोलघेवडा माणूस.

"वहिनी, या सवतीला दोन घास भरवलेत का? रोडावलीय बिचारी!"

बाई मान फिरवून खळखळून हसल्या. मागून हाक आली, "बंद केला!"

माझा पंखा फिरत होता. ज्या मंद चालीने फिरत होता, त्याच चालीने. आणि बाई पाठमोऱ्याच ओरडल्या, "थांबला!"

तिसऱ्या फेरीत मास्तरांचा रिमोट बंद पडला. माझा वेग उतरला, पण मी थांबले नाही. दगडी काठाकडे संथ निघाले. नावाड्याला वाटलं, हिचा दम संपला, आता दगडावर आपटून फुटेल. मला वाचवायला त्याने नावेतून वाकून दोन्ही हातांनी मला उचललं. पंखा फिरतच होता. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, मित्रांनो. माझ्या नाजूक, तोलून तोलून घासलेल्या पंख्याने गेली.

त्यानंतर त्याला वल्हं धरता आलं नाही. एकदा तो घरी आला होता, हाताला पट्टी. "यंत्र आहे मास्तर, होतं असं," म्हणाला. मग बाईंकडे बघत राहिला. बाई पाणी आणायला आत गेल्या आणि तो जाईपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

मास्तरांनी मला उघडलं, नवा रिसीव्हर तपासला, चूक पाहिली आणि ती तशीच ठेवून मला मिटलं. पण त्यांचा हिशेब वेगळाच लागला. "चाचणीत तर थांबला होता. म्हणजे त्यानंतर माझाच हात बटणाला लागला. कधी लागला तेही मला आठवत नाही." मग आपल्या दोन्ही हातांकडे बघून म्हणाले, "हे मला न विचारता काहीतरी करतात."

बाई दारात उभ्या होत्या. उद्या सांगू, असं त्यांना वाटलं असावं. त्या उद्याची अकरा वर्षं झाली.

मी माळ्यावर गेले. एका फुटक्या सूटकेसशेजारून मी खालचं घर ऐकत राहिले. मास्तर कारखान्यात एकेक तुकडा दहादा मोजू लागले, काम तुंबलं, शेवटी त्यांना घरी बसवलं. गॅस बंद केलाय का, हे रोज बाईंना विचारायचे, स्वतः हात लावायचे नाहीत. कपाटाचं दार करकरतच राहिलं. माझ्या पंख्याच्या शाफ्टवर गंज चढला, नाकातला फोम उंदरांनी नेला. पण गंजाचं मला दुःख नाही. ज्या हातांनी मला जग दाखवलं ते हात खिशात कोंडले गेले, आणि त्यांची किल्ली माझ्याजवळ असून मला देता येईना.

गेल्या महिन्यात मास्तरांची लेक बाळाला घेऊन आली.

"बाबा, घ्या ना नातीला."

"नको गं. तुझ्या आईकडे दे."

"बाबा, एकदा तरी!"

"नको म्हटलं ना! सांडेल माझ्या हातून." बोलता बोलता त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. बाळ रडायला लागलं. लेकही.

दुसऱ्या दिवशी बाई शिडी लावून माळ्यावर चढल्या. मला खाली काढून पुसलं, पण गाणं नव्हतं. शाफ्टचा गंज काढून ग्रीस लावलं, बाजारातून मला आणि रिमोटला नवी बॅटरी आणली.

"चला, चाचणी घेऊ," त्या मास्तरांना म्हणाल्या.

"वेड लागलंय का तुला?"

"लागलंय. चला."

मित्रांनो, तुम्ही तुमच्या वस्तू पुसा, जपा, त्यांना तेलपाणी करा. पण एक विनवणी आहे. जे तुम्ही पाहिलं नाही ते पाहिलं म्हणू नका. आणि म्हणून गेलात, तर त्याच संध्याकाळी सांगून टाका. आम्हा वस्तूंना सगळं दिसतं, पण सांगता येत नाही. सांगणं तुमच्याच हाती आहे.

तळ्यावर कुणी नव्हतं. बाईंनी मला घोडीवर ठेवलं आणि गुडघे धरत खाली बसल्या. मास्तरांनी घोडा किंचित ओढला, पंखा फिरू लागला. ते निघाले. पावलं आखूड झाली होती, साठ व्हायला बराच वेळ लागला. बाईंची नजर पंख्यावरून हलली नाही. तेव्हा मला उमगलं, की अकरा वर्षं एका छपराखाली जवळून जे बोलता आलं नाही, त्यासाठी त्यांना ही साठ पावलं हवी होती.

"बंद केला!"

माझा पंखा फिरत राहिला.

"अगं, थांबला का?"

बाई काहीतरी पुटपुटल्या.

"आं? ऐकू येत नाही! थांबला का?"

बाई उठून उभ्या राहिल्या. दोन्ही हात तोंडाशी धरले आणि सारं तळं भरून जाईल अशा आवाजात ओरडल्या,

"नाही थांबला! त्या दिवशीही नव्हता थांबला! मी बघितलंच नव्हतं हो! मी पाठ फिरवून हसत होते!"